गाठीला पाणी किती जातं?

"मांगच्या हप्त्यात त फोटो काहाडला. आज आखीन कायले? तुह्या मशिनीले एका डावात दिसत नाही का?"

मामाचा प्रश्न चुकीचा नव्हता. वरुड तालुक्यातल्या गावातून पहाटेची एसटी धरून नागपूरला यायचं, उपाशीपोटी बाकावर बसायचं, हातात सुई टोचून घ्यायची, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. मी स्वतः सीटी विभागात टेक्निशियन आहे. रोज वीस-पंचवीस पेशंट त्या गोल मशीनमधून आतबाहेर करतो. तरी मामाला उत्तर देताना अडखळलो, कारण आम्ही पेशंटशी बोलतो ते एवढंच: "दवा सोडतोय, गरम वाटेल, श्वास रोखा." का, ते सांगायला वेळ नसतो. खरं सांगायचं तर कोणी विचारतही नाही.

मामाला गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, गाठ निघाली होती. त्याआधी आठ महिने संडासवाटे रक्त जात होतं आणि मूळव्याध समजून चूर्ण, मलम, गरम पाण्याचा शेक असं सगळं झालं. तीन ठिकाणी दाखवलं, पण एकानंही हातमोजा घालून बोटानं तपासलं नाही. गुदाशयातल्या पुष्कळ गाठी त्या एका बोटाला लागतात. त्याला ना मशीन लागतं ना वीज. हा राग माझा अजून गेलेला नाही, म्हणून लेखाच्या सुरुवातीलाच काढून टाकतो.

तर पहिला सीटी कशासाठी होता? गाठ कुठे आहे, केवढी आहे, यकृतात किंवा फुप्फुसात काही पसरलंय का, हे बघायला. गाठ भिंतीत किती खोल गेली ते पाहायला एमआरआय वेगळा. दुसरा सीटी मात्र आकार बघायला नव्हताच. गाठीतून रक्त किती वाहतं, ते मोजायला होता. त्याला परफ्युजन सीटी म्हणतात. मामाचा तो स्कॅन एका अभ्यासाचा भाग होता, पैसे लागणार नव्हते, सहीचा कागद वेगळा होता, आणि नाही म्हणण्याची पूर्ण मोकळीक होती.

मामाची संत्र्याची बाग आहे. म्हणून मी बागेतूनच सुरुवात केली.

शेजारशेजारच्या दोन झाडांचा घेर फूटपट्टीनं मोजला तर सारखा भरेल. पण एकाच्या बुडाशी ड्रिपर, म्हणजे ठिबकची तोटी, धो-धो चालतोय आणि दुसऱ्याचा बुजलाय, हे घेरावरून कळत नाही. ते कळायला पाणी बघावं लागतं. साधा सीटी झाडाचा घेर सांगतो. परफ्युजन सीटी ड्रिपरखाली ग्लास धरतो.

गाठीच्या बाबतीत पाण्याला एवढं महत्त्व का? १९७१ मध्ये ज्यूडा फोकमन या अमेरिकन सर्जननं एक विचार मांडला. कॅन्सरची गाठ एक-दोन मिलिमीटरपर्यंत आसपासच्या झिरप्यावर जगते, त्यापुढे वाढायचं तर तिला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्यासाठी गाठ काही रसायनं सोडते, त्यातलं सगळ्यात नावाजलेलं व्हीईजीएफ. हे रसायन जवळच्या रक्तवाहिनीला सांगतं की इकडे फांदी फोड. म्हणजे रात्रीतून कोणीतरी तुमच्या सबमेनला, म्हणजे ठिबकच्या मधल्या मोठ्या नळीला, भोक पाडून आपली नळी जोडून घ्यावी, तसं.

पण चोरीची नळी ती चोरीचीच. शरीराच्या रक्तवाहिन्या बेतानं घातलेल्या असतात: मेन लाइन, सबमेन, झाडांच्या ओळीतली बारीक लॅटरल, ड्रिपर. गाठीच्या वाहिन्या वेड्यावाकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे आंधळ्या गल्लीत संपणाऱ्या, आणि गळक्या. खारीनं कुरतडलेली लॅटरल ज्यानं उन्हाळ्यात पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको: मोटर चालू असते, पाणीही जातं, पण अर्ध्या वाटेत डबकं आणि टोकाचं झाड कोरडं. गाठीतही असंच होतं. एक भाग रक्तानं तुडुंब, चार मिलिमीटरवरचा दुसरा भाग उपाशी. बाहेरून गाठ एकच दिसते.

आता मोजायचं कसं? रक्त वाहताना सीटीत दिसत नाही. सीटीला फक्त दाटपणा कळतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या ब्रिटिश इंजिनिअरनं हे मशीन बनवलं, १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला, १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉरमॅकबरोबर त्याला नोबेल मिळालं. सीटीच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला जो आकडा असतो तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभराच्या आसपास, मांस आणि आतड्याची भिंत तीस ते साठमध्ये कुठेतरी. गाठ आणि तिच्यातलं रक्त या आकड्यांत जवळजवळ सारखंच भरतं. म्हणून रंग टाकावा लागतो.

रंग म्हणजे आयोडीनची दवा, ज्याला आम्ही कॉन्ट्रास्ट म्हणतो. आयोडीन एक्स-रे अडवतं, त्यामुळे ते जिथे पोचतं तिथला आकडा वर चढतो. आणि सगळी गंमत इथे आहे: आयोडीन दुप्पट तर आकड्याची चढही दुप्पट. हिशेब सरळ रेषेत चालतो. दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम आयोडीन वाढलं की आकडा साधारण पंचवीसनं वाढतो. म्हणजे मशीन नुसता फोटो काढत नाही, त्या जागी दवा किती आहे ते मोजूही शकतं.

"मंग हे त आपलं ह्युमिक सोडनं झालं," मामा म्हणाला.

मला इतकी नेमकी उपमा सुचली नव्हती. ह्युमिक म्हणजे झाडांना द्यायचं काळं खत. ड्रिपमधून ते सोडताना व्हेंच्युरीतून, म्हणजे खत ओढून घेणाऱ्या नळीतून, ते काळं पाणी लाइनीत जातं. बागाईतदार बांधावर उभा राहून बघतो: पहिल्या ओळीत काळं पाणी किती वेळात आलं, शेवटच्या ओळीत किती वेळानं, किती गडद, आणि स्वच्छ पाणी परत कधी सुरू झालं. एवढ्यावरून तो सांगतो की कुठे लाइन बुजली आहे, कुठे प्रेशर कमी आहे. परफ्युजन सीटी यापेक्षा काही वेगळं करत नाही. फक्त बांधावर उभं राहण्याऐवजी तो दर एक-दोन सेकंदाला त्याच जागेचा फोटो काढतो, साधारण मिनिटभर, आणि गळती मोजायची असेल तर त्यानंतर जरा सावकाश, आणखी एखाद मिनिट. साधा सीटी एका क्षणाचा. हा त्याच जागेचा तीस-चाळीस वेळा.

त्या फोटोंतून दोन रेषा निघतात. एक जवळच्या मोठ्या धमनीची. दवा येते, आकडा झपकन उंच चढतो आणि झपकन उतरतो, डोंगराच्या सुळक्यासारखा. दुसरी गाठीची. ती उशिरा सुरू होते, हळू चढते, उंची फार गाठत नाही, आणि उतरायलाही वेळ लावते. या दोन रेषांच्या तुलनेतच सगळी मोजणी आहे. एकट्या गाठीच्या रेषेला अर्थ नाही, कारण दवा शरीरात किती जोरात गेली, हृदय कसं पंप करतं, यावर ती बदलते. मेन लाइनीत किती काळं पाणी आलं ते माहीत नसेल तर ड्रिपरचा दोष काढता येत नाही.

सगळ्यात सोपी रीत अशी. काळं पाणी झाडाच्या आळ्यात शिरायला लागलं आहे, पण अजून बाहेर पडलेलं नाही, अशा काही सेकंदांत जे येतं ते सगळं आत साठतं. मग साठण्याचा वेग म्हणजे येणारं पाणी गुणिले त्याचा गडदपणा. समजा धमनीतला आकडा जास्तीत जास्त ३०० नं चढला आणि गाठीतला आकडा सगळ्यात वेगानं चढताना सेकंदाला ३ नं चढत होता. ३ भागिले ३०० म्हणजे ०.०१. याचा अर्थ, गाठीच्या दर मिलिलिटरला सेकंदाला ०.०१ मिलिलिटर रक्त येतंय. मिनिटाला ०.६. डॉक्टर लोक शंभर मिलिलिटरचा हिशेब ठेवतात, म्हणजे मिनिटाला ६० मिलिलिटर. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, मामाचे नाहीत. पण हिशेब एवढाच आहे, सातवीतल्या पोराला जमेल असा.

ही रीत एका गोष्टीवर उभी आहे: दवा बाहेर पडायच्या आत मोजून झालं पाहिजे. म्हणून दवा झटक्यात सोडावी लागते, सेकंदाला चार-पाच मिलिलिटर. आणि म्हणूनच आम्ही कोपराच्या घडीतली जाड शीर शोधतो आणि नेहमीच्या गुलाबी सुईऐवजी जाड हिरवी लावतो. पेशंटला वाटतं की टेक्निशियन उगाच मोठी सुई टोचतोय. बारीक सुईतून तेवढा जोर निघत नाही, जबरदस्ती केली तर शीर फुटून दवा कातडीखाली पसरते.

दवा बाहेर पडायला लागल्यावरही मोजणाऱ्या जास्त किचकट रीती आहेत, त्या कॉम्प्युटर करतो. त्यांचा मूळ विचार १८७० मध्ये अ‍ॅडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञानं मांडला होता: जेवढं आत गेलं वजा जेवढं बाहेर आलं, तेवढंच आत राहिलं. दुकानदाराच्या वहीइतकी साधी गोष्ट. ती सीटीवर चालवून मेंदूचा रक्तप्रवाह मोजता येईल हे लिऑन अ‍ॅक्सेल यांनी १९८० मध्ये दाखवलं, आणि १९९१ मध्ये केन माइल्स यांनी पोटातल्या अवयवांचे रंगीत नकाशे काढले.

रिपोर्टात मग चार आकडे येतात. पहिला रक्तप्रवाह, जो आपण आत्ता काढला. दुसरा, गाठीतल्या वाहिन्यांत एका वेळी किती रक्त मावतं, म्हणजे नळ्यांचं पोट. तिसरा, रक्ताला गाठीतून पार व्हायला लागणारा सरासरी वेळ. हे तिन्ही एकमेकांना बांधलेले आहेत: मावणारं भागिले वाहणारं म्हणजे वेळ. शंभर मिलिलिटर गाठीत ६ मिलिलिटर रक्त मावतंय आणि मिनिटाला ६० वाहतंय, तर वेळ एक दशांश मिनिट, सहा सेकंद. चौथा आकडा गळतीचा. नळीतून दवा बाहेर किती वेगानं झिरपते. खारीनं कुरतडलेल्या लॅटरलचा आकडा म्हणा.

कागदावर हे सगळं छान वाटतं. आतडं मात्र मेंदूसारखं एका जागी बसत नाही. ते सतत वळवळतं, पुढे ढकलतं, आत हवा फिरत असते. मिनिटभरात गाठ चार मिलिमीटर सरकली तर पहिल्या फोटोतला ठिपका आणि चाळिसाव्या फोटोतला ठिपका एकच राहत नाही, आणि रेषा खोटी होते. त्यासाठी आधी ब्युस्कोपॅनचं इंजेक्शन देतात, तेच जे पोटात कळ आली की देतात. आतडं काही मिनिटं शांत होतं. काचबिंदू किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर ते आधी सांगायचं असतं. श्वासही हळू आणि वरवर घ्यायचा. गुदाशय ओटीपोटात, हाडांच्या कड्यात अडकलेला, म्हणून तो तुलनेनं कमी हलतो. वरच्या आतड्यातल्या गाठी मोजणं जास्त कटकटीचं.

बाकी तयारी नेहमीच्या सीटीसारखी. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा, ताजा रिपोर्ट, कारण दवा किडनीवाटे बाहेर पडते. आधी कधी दवेनं अंगावर गांधी उठल्या असतील, दमा असेल, शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल, तर ते सुई लावायच्या आधी बोलायचं. मामानं मेटफॉर्मिनचं सांगितलंच नव्हतं. "थे त शुगरची गोळी हाये, गाठीशी तिचा काय संबंध?" किडनी चांगली होती म्हणून अडलं नाही, पण माझ्या कपाळावर घाम आला.

दवा जाताना अंगात गरम लाट येते, तोंडात लोखंडासारखी चव, आणि लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. हे आधी सांगितलं की म्हातारी माणसं टेबलावर दचकत नाहीत, आणि दचकली नाहीत की रेषा नीट येते.

आता मुख्य मुद्दा. हे मोजून करायचं काय?

सगळ्यात स्पष्ट उपयोग औषध लागू पडतंय का ते बघायला झाला. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. हे औषध गाठ मारत नाही, तिचं पाणी तोडतं. त्यामुळे आकार लगेच कमी होईलच असं नाही, आणि फूटपट्टी लावून बसलेल्या डॉक्टरला वाटतं काहीच झालं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत गुदाशयाच्या कॅन्सरच्या सहा रुग्णांवर छोटा अभ्यास झाला. औषधाचा एकच डोस देऊन बारा दिवसांनी परफ्युजन सीटी केला, तर रक्तप्रवाह सुमारे ४० टक्क्यांनी उतरलेला होता. पाण्याची खबर घेराच्या आधी आली.

त्या अभ्यासात राकेश जैन होते, आयआयटी कानपूरमधून शिकून गेलेले. त्यांचं एक म्हणणं मला फार आवडतं. पाणी तोडलं तर किमोची औषधंही गाठीत कमी पोचायला हवीत, पण दोन्ही एकत्र दिल्यावर फायदा जास्त होतो, हे कसं? जैन म्हणतात, औषध आधी गळक्या, भिकार नळ्या छाटतं, आणि उरलेल्या नळ्यांत काही काळ प्रेशर नीट होतं. फुटक्या लॅटरल बंद केल्या की टोकाच्या झाडाला पाणी लागतं, हे मामाला अर्ध्या वाक्यात कळलं. मला ते पेपरमधून समजायला दोन रविवार लागले होते.

दुसरा उपयोग शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या बाबतीत. रेडिएशनला पेशी मारायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसलेल्या पेशींना तेवढाच मार द्यायला जवळपास तिप्पट डोस लागतो, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. ऑक्सिजन रक्तातून येतो. मग ज्या गाठीत रक्त चांगलं ती शेकाला लवकर नमेल, असं वाटणार. काही अभ्यासांत तसं दिसलंही. काहींत बरोबर उलटं दिसलं: सुरुवातीला जास्त रक्त असलेल्या गाठीच हट्टी निघाल्या. जोरात वाहणारं रक्त म्हणजे पोचणारं रक्त नव्हे, काही नळ्या धमनीतून थेट शिरेत उतरतात आणि मधल्या पेशींना थेंब मिळत नाही, असा एक खुलासा आहे. मला तो पटतो. पाण्याच्या पाटाला वाटेत मोठं भोक असलं की पाटात पाणी जोरात धावतं आणि वावर कोरडं राहतं.

तिसरा उपयोग निदानाचा. आतड्याची भिंत जाड दिसते तेव्हा ती सुजेनं की कॅन्सरनं, हे साध्या सीटीत कधीकधी कळत नाही. लंडनच्या व्हिकी गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायव्हर्टिक्युलायटिस नावाच्या सुजेची आणि कॅन्सरची तुलना करून दाखवलं की रक्तप्रवाहाच्या आकड्यांनी फरक करायला मदत होते. मदत होते, एवढंच. शेवटचा शब्द तुकडा काढून केलेल्या तपासणीचा.

याच व्हिकी गो यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला जास्त प्रामाणिक वाटते. तोच पेशंट, तोच स्कॅन, तेच फोटो, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधून काढले तर आकडे जुळत नाहीत. एका काट्यावर क्विंटल आणि दुसऱ्यावर सव्वा क्विंटल, तसं. आपल्या माणसाला कापूस विकताना काट्याचा अनुभव आहेच. म्हणून "तुमचा रक्तप्रवाह साठ, म्हणजे वाईट" असं कोणी म्हणालं तर विचारायचं, कोणत्या काट्यावर? एकाच माणसाचा, एकाच मशीनवर, एकाच सॉफ्टवेअरवर, उपचाराआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला तर त्याला काही अर्थ आहे. तिथेही दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकावर मी उडी मारणार नाही.

त्यात एक्स-रेचा भार. पुन्हा पुन्हा फोटो म्हणजे पुन्हा पुन्हा डोस. व्होल्टेज कमी ठेवून तो खाली आणतात, तरी पोटाच्या एका सीटीइतका किंवा त्याहून जास्त डोस वर पडतो. जमीन, हवा, आकाश यांतून माणसाला जगात सरासरी वर्षाला साधारण दोन-तीन मिलिसिव्हर्ट (अशा किरणांच्या डोसाचं माप) मिळतात, हा त्याच्या कित्येक पट. कॅन्सरच्या माणसाला एकदा चालतं, गंमत म्हणून कोणाला करू नये. ही सगळी कारणं मिळून परफ्युजन सीटी अजून बहुतेक ठिकाणी अभ्यासापुरताच आहे, नेहमीच्या तपासण्यांत बसलेला नाही. तुमच्या तालुक्याच्या सीटी सेंटरवर तो होत नाही म्हणून तुमचा इलाज अपुरा राहतोय असं समजू नका. मामाचा इलाजही त्या आकड्यावर ठरला नाही. एमआरआय, तुकड्याचा रिपोर्ट आणि पहिला सीटी, यांवर ठरला: आधी पाच आठवडे शेक आणि सोबत गोळ्या, मग ऑपरेशन.

स्कॅन झाल्यावर मी मामाला कंट्रोल रूममध्ये नेलं. रक्तप्रवाहाचा रंगीत नकाशा पडद्यावर होता. गाठीची कड लाल-पिवळी, मधला भाग निळा.

"लाल म्हंजे खराब ना?"

सगळेच हे विचारतात. लाल म्हणजे तिथे रक्त जास्त, निळं म्हणजे कमी, बस. रंग कंपनीनं निवडलेत, उलटेही ठेवता आले असते. मामा बराच वेळ निळ्या भागाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "थे पाय, मंधात वाळलं हाये." आणि धमनीची रेषा सोडून गाठीच्या रेषेवर बोट ठेवलं. "हे आपल्या खालच्या धुऱ्यावरचं झाड. रातच्या लायनीत याले कधीच पानी भेटत नाही."

निघताना मी सीडी दिली आणि तीन वेळा बजावलं: शेक संपल्यावर दुसरा स्कॅन याच्याशी ताडून बघायचा आहे, जपून ठेवा. आमच्या सिस्टिममध्ये प्रत असते, पण सिस्टिमवर माझा विश्वास बेताचाच आहे.

पुढच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा संत्र्याला आंबिया बहार फुटला होता. बागेत पाखरं हाकलायला दोऱ्यांवर जुन्या सीड्या लटकवलेल्या, वाऱ्यावर फिरून चमकत होत्या. एकीवर माझ्याच अक्षरात मामाचं नाव आणि तारीख होती. सोडवली, गमछानं पुसली, नागपूरला आणून मशीनला लावली. चौथ्या खटपटीला उघडली.